आईंचा फोन परत द्या

पत्राचा सारांश: पत्रलेखक पुण्यात नोकरी करतात. त्यांच्या आई ६७ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. वडील गेल्यापासून तालुक्याच्या गावी एकट्या राहतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांना फोन आला, की तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमकार्डवरून काळ्या पैशाचे व्यवहार झालेत. मग व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशातल्या माणसाने त्यांना तीन दिवस ‘डिजिटल अटकेत’ ठेवलं. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला काही सांगायचं नाही. सांजवात लावायलासुद्धा आईंनी त्या माणसाची परवानगी मागितली. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्यांनी मुदतठेव मोडली आणि ६ लाख ४० हजार रुपये सांगितलेल्या खात्यावर पाठवले. बँकेतला कॅशिअर त्यांचाच विद्यार्थी. “बाई, ठेव मुदतीआधी का मोडताय?” असं त्याने विचारलं, तेव्हा “मुलाला फ्लॅट घ्यायचाय” असं त्यांनी सांगितलं. मुलाला हे कळलं पाच दिवसांनी. तक्रार केल्यावर ३८ हजार रुपये गोठवता आले. मुलाने आईंचा स्मार्टफोन काढून घेतला, बटणांचा साधा फोन दिला आणि ‘याची कुठे वाच्यता करू नकोस’ असं बजावलं. पत्नीला हे पटलेलं नाही. ते विचारतात: तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईला इतकं साधं कळू नये? इंटरनेट या वयाच्या माणसांसाठी नाहीच, हे मान्य करायला नको का? फोन काढून घेतला यात माझं काय चुकलं?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा सांजवातीच्या ओळीपाशी थांबले. वर्गातल्या चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई स्वतःच्या देवघरात, हातात काडेपेटी घेऊन, एका परक्या माणसाला विचारते, “साहेब, दिवा लावू का?” त्या तीन दिवसांत आईंचं काय झालं होतं, ते मला या एका प्रश्नात दिसलं. तुम्ही लिहिता, ‘इतकं साधं कळू नये?’ पण त्या घडीला कळण्या-न कळण्याचा प्रश्नच उरला नव्हता. त्या घाबरल्या होत्या, आणि त्यांना घाबरवणाऱ्यांचा तो रोजचा धंदा आहे.

हा धंदा एखाद्या हुशार भामट्याचा नाही, हे आधी समजून घ्या. पहिला माणूस फक्त ‘तुमच्या नावावर तक्रार आहे’ एवढंच सांगतो आणि फोन पुढे जोडून देतो. दुसरा गणवेशात असतो, त्याच्या मागे बोधचिन्ह लावलेली भिंत असते, वायरलेसची खरखर ऐकू येते. तिसरा ‘मोठा साहेब’. तो जरा मायेने बोलतो, ‘तुम्ही निर्दोष दिसता, मी तुम्हाला यातून सोडवतो’ म्हणतो. कंबोडियात, म्यानमारच्या सीमेवर कुंपण घातलेल्या इमारतींमधून असे कारखाने चालतात. नोकरीचं आमिष दाखवून नेलेली, पासपोर्ट काढून घेऊन बसवलेली आपल्या देशातली तरुण पोरंही तिथून सोडवून आणावी लागली आहेत. २०२४ साली लुधियानाच्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या अध्यक्षांना याच पद्धतीने सात कोटी रुपयांना लुबाडलं. त्यांना तर व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा दाखवली होती. हाताखाली वकील, हिशेबनीस, सचिव असलेला माणूस फसला. तुमच्या आई घरात एकट्या होत्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? आई शिक्षिका होत्या म्हणून वाचायला हव्या होत्या, असं तुम्ही म्हणता. मला उलट वाटतं. तीस वर्षं ज्या बाईने प्रत्येक सरकारी परिपत्रक पाळलं, साहेब तपासणीला आले की दप्तर पुढे ठेवलं, जनगणना असो की निवडणुकीचं काम, नेमून दिलं तिथे वेळेवर हजर झाल्या, त्यांना ‘चौकशीला सहकार्य करा’ हे शब्द जितके लागतात तितके कायद्याला न जुमानणाऱ्याला लागत नाहीत. ते लोक माणसातला हा सरळपणाच हेरतात. त्याला तुम्ही घरात बसून मूर्खपणा म्हणू नका.

इतर वाचकांसाठी एवढं इथेच स्पष्ट लिहिते. भारताच्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकार नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, न्यायालय, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, आणि ‘पडताळणीसाठी’ म्हणून पैसे भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं. ज्यांना अशा फोनची शंका येते त्यांनी तो कट करावा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावावा.

आता तुमच्या फोनच्या निर्णयाकडे येते. आईंना जाळ्यात ओढणारा पहिला फोन साधा होता, असं तुम्हीच लिहिलंय. घंटी वाजली, त्यांनी उचलला. बटणांच्या फोनचीही घंटी वाजते. ‘तुमचं केवायसी संपलंय’, ‘आज रात्री वीज तोडणार’, ‘ओटीपी सांगा’ हे सगळं त्याच्यावरही ऐकू येतं. फोन अजिबात नसला तरी जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे चोरून आधारच्या आधारे खात्यातून पैसे काढल्याची प्रकरणं झालेली आहेत. त्यावर उपाय आहे तो आधारचे ठसे कुलूपबंद करण्याचा. ते कुलूप घरबसल्या घालायची एक सोय आधारच्या अ‍ॅपवर आहे, म्हणजे तिथे पुन्हा स्मार्टफोनच कामाला येतो. फोन काढून घेतल्याने तुमच्या जिवाला थोडी शांतता मिळाली, हे मला समजतं. लांब राहणाऱ्या मुलाला ती हवीच असते. पण त्याने आई जास्त सुरक्षित झाल्या का? मला तसं दिसत नाही.

आणि त्यांच्या हातातून काय काय गेलं, याची यादी तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही ती तक्रारीच्या सुरात लिहिलीय. आई दिवसभर फोनवर अभंगांच्या चाली शोधायच्या, मंगळवारच्या भजनी मंडळासाठी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्या. गाथेतला एखादा जुना शब्द अडला की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघायच्या. १८३१ साली पहिल्यांदा छापलेल्या त्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट उघडता येते. एके काळी त्यासाठी जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाऊन कपाट उघडायला शिपायाची मनधरणी करावी लागायची. मराठी विश्वकोशाचंही तसंच. ज्या शिक्षिकेच्या शाळेत त्याचा एक खंडही कधी आला नसेल, तिच्या तळहातावर आता सगळे खंड आहेत. शेताचा सातबारा त्या स्वतः काढायच्या, तलाठ्याच्या दारात खेटे नाहीत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला घरबसल्या, फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून. गुडघे दुखत असताना पेन्शनच्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांच्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा. आणि टोरांटोतली नात. तुमच्या बहिणीची मुलगी रोज आजीला शाळेतलं चित्र दाखवायची, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. दोन महिने झाले, आजीने ते चित्र पाहिलेलं नाही.

वडील गेल्यानंतर आईंनी हे सगळं स्वतःच्या हिमतीने उभं केलं. तुम्हीच लिहिलंय, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वहीत पायऱ्या लिहून लिहून त्या शिकल्या: ‘आधी हिरवं चिन्ह दाबणे, मग वरचा कॅमेरा.’ ती वही अजून घरात असेल. एकदा काढून बघा.

आता जे लिहिणार आहे ते कडू लागेल, पण पत्र वाचल्यापासून तेच माझ्या मनात आहे. ठकवण्याच्या शंभर तऱ्हा असतात. पार्सलमध्ये अमली पदार्थ, शेअर बाजारातला दुप्पट नफा, घरबसल्या लाइक करण्याचं ‘टास्क’, लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये परकं अ‍ॅप बसवणारी), लष्करातला विधुर ज्याला तुमच्याशी लग्न करायचंय. गोष्ट दर वेळी बदलते. पण यातल्या बऱ्याच गोष्टींमध्ये एक वाक्य येतंच: ‘कुणाला सांगू नका.’ चौकशी गोपनीय आहे, घरच्यांनाही अटक होईल, संधी निवडक लोकांसाठी आहे, आपलं प्रेम लोकांना कळणार नाही. कारण कुठलंही असो, माणसाला एकटं पाडल्याशिवाय त्यांचं काम होत नाही. शेजारच्या काकूंना एकदा विचारलं असतं तरी आईंचे पैसे वाचले असते, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मग पाच दिवसांनी तुम्ही आलात, सगळं ऐकलंत, आणि आईंना काय बजावलंत? ‘कुठे वाच्यता करू नकोस.’

तुमचा हेतू वेगळा होता. आईची बदनामी होऊ नये असं तुम्हाला वाटलं, यात मला शंका नाही. पण आईंच्या कानांनी काय ऐकलं असेल? आधी एका माणसाने गप्प राहायला सांगितलं, आता मुलाने. आधी एकाने फोनवर पहारा बसवला, आता मुलाने फोनच नेला. त्या ‘गप्प गप्प’ असतात असं तुम्ही लिहिलंय. त्या अजून अटकेतच आहेत, असं मला वाटतं.

एक प्रश्न विचारते, दोष द्यायला नाही. पैसे गेल्यावर आई पाच दिवस का थांबल्या? पहिल्या काही तासांत १९३० ला कळवलं तर पोलीस आणि बँका मिळून पैसे वाटेतच अडवू शकतात. उशीर झाला की ते भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून दहा ठिकाणी फुटतात, एटीएममधून निघतात, देशाबाहेर जातात. आईंना १९३० हा आकडा माहीत नसेल, पण तुमचा नंबर तोंडपाठ होता. तो त्यांनी लावला नाही. याआधी त्यांनी एखादा खोटा निरोप पुढे पाठवला, चुकून काही बटण दाबलं गेलं, रिचार्ज दोनदा झालं, तेव्हा तुमच्या तोंडून काय निघालं होतं, ते आठवून बघा. “आई, तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस?” हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मीही माझ्या मावशीला बोलले आहे, आणि त्यानंतर तिने मला विचारणंच बंद केलं होतं. आपण वैतागून बोललेलं असं एक वाक्य ऐन वेळी त्या भामट्यांच्या बाजूने उभं राहतं.

सांगण्याने काय होतं, याचं एक ताजं उदाहरण आहे. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका ७३ वर्षांच्या बाईंचे एक कोटीहून जास्त रुपये असेच गेले. त्या लाजून घरात बसल्या नाहीत, थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये देशभरातल्या डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. तुमच्या आई दिल्लीला पत्र लिहोत असं मी म्हणत नाही. पण मंगळवारी भजनाला बसणाऱ्या वीस बायकांपैकी पाच-सहा जणी तरी एकट्या राहणाऱ्या असतील, पेन्शन किंवा पतीच्या ठेवीवर जगणाऱ्या. बाईंनी स्वतःच्या तोंडाने ही गोष्ट सांगितली तर त्या बायका जन्मात विसरणार नाहीत. सरकारी कॉलरट्यून कोण ऐकत होतं? सांगायचं की नाही हे मात्र आईंनी ठरवायचं. तुम्ही फक्त घातलेली शपथ परत घ्या.

त्या कॅशिअरलाही सांगा. तो आतल्या आत कुढत असेल. त्याने विचारलं होतं, बाईंनी उत्तर दिलं होतं, आणि गुरूच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला. खोटं काय बोलायचं हेसुद्धा आईंना पढवलेलं होतं, ही गोष्ट त्याला कळली तर पुढच्या वेळी तो घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याच्या एखाद्या आजोबांना आत बसवेल, चहा मागवेल, घरी एक फोन लावेल.

पैशांबद्दल खरं ते सांगते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की सगळे पैसे मिळतात, असं अनेकांना वाटतं. ती तरतूद खातेदाराच्या संमतीशिवाय, त्रयस्थाने केलेल्या चोरीसाठी आहे, तीही खातेदाराची चूक नसेल तेव्हा. स्वतः बँकेत जाऊन पाठवलेल्या रकमेला तिचा आधार मिळणं अवघड असतं. मात्र गोठवलेल्या ३८ हजारांवर पाणी सोडू नका. तक्रारीचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा, अशी रक्कम परत मिळायला न्यायालयात अर्ज करावा लागेल का, आणि लागत असेल तर तो कसा करायचा, ते तपास अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. फोनमधले त्या लोकांचे नंबर, निरोप, कॉलची नोंद पुसू नका, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा. जाताना आईंना सोबत न्या, म्हणजे खरं पोलीस ठाणं कसं असतं तेही त्यांना दिसेल.

पुढे असं होऊ नये म्हणून बंदोबस्त जरूर करा, फक्त तो आईंच्या शेजारी बसून करा. रोजच्या खर्चाचं एक छोटं खातं ठेवा, यूपीआय त्यालाच जोडा, मर्यादा कमी ठेवा. पेन्शन आणि ठेवी वेगळ्या खात्यात राहू द्या, त्यावर मोबाइल बँकिंग नकोच. मोठी ठेव दोघांच्या नावे, दोघांच्या सहीनेच मोडेल अशी करता येते. त्यामुळे घाईत काही करायचं म्हटलं तरी दुसऱ्या माणसाला फोन करावाच लागतो. पण ही दुसरी सही तुमची असावी की बहिणीची की आणखी कुणाची, हे त्यांना ठरवू द्या. पैसा त्यांचा आहे. मुलांनी काळजीच्या नावाखाली आईवडिलांच्या खात्यावर ताबा मिळवल्याची पत्रंही माझ्याकडे येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणीचा पिन लावा, अनोळखी कॉल आपोआप गप्प करण्याची सोय चालू करा. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं, निरोपातून आलेली एपीके फाइल उघडायची नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे त्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं जाऊ दे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. पुढच्या वेळी कुणी ‘तुमच्या आधारवर सिम घेतलंय’ म्हणालं तर त्या स्वतः बघू शकतील, कुणा साहेबाला विचारावं लागणार नाही. नातीचा किंवा तुमचा आवाज काढून ‘अपघात झालाय, पैसे पाठव’ म्हणणारेही निघाले आहेत, त्यासाठी घरात परवलीचा एक शब्द ठरवा. शब्द आईंनी निवडावा.

आणि तुम्ही त्यांना एक वचन द्या. “आई, तू कधीही, कितीही वाजता फोन कर. मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलीन. आणि काहीही झालं असलं तरी आधी ‘बरं केलंस सांगितलंस’ एवढंच म्हणेन.” हे पाळणं सोपं नाही. सहा महिन्यांत आई वीस वेळा फोन करतील, त्यातले एकोणीस फोन फालतू निरोपांबद्दल असतील. ते सगळे नीट ऐकलेत तरच खरा, विसावा फोन येईल.

तुमच्या पत्नीने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, की शिक्षा चुकीच्या माणसाला झाली. त्यांना सोबत घेऊन जा.

येत्या शनिवारी गावी जा. फोन चार्ज करून न्या, त्यातली अभंगांची रेकॉर्डिंगं जागेवर आहेत ना ते आधी पाहून घ्या. आईंची माफी मागा. लांबण लावू नका, त्यांना ते अवघड होईल. मग रविवारी संध्याकाळी, दिवा लागला की टोरांटोत सकाळ झालेली असते, नात घरी असेल. तो कॉल तुम्ही लावून देऊ नका. त्यांना लावू दे.